लहान प्रेसवर मोठे चित्र

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात आम्ही दोघींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघी सख्ख्या जावा. व्याख्यान देणे हे आमचे काम नव्हे. कापडावर उष्णतेने अक्षरे आणि चित्रे उठविणे हा आमचा घरगुती उद्योग. कार्यकारिणीने जेव्हा या उद्योगाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा संकोचाने आम्ही प्रथम नकारच दिला होता. परंतु मागाहून असे मनात आले की, आपल्या रंगारी समाजातील अनेक घरांत अलीकडे ही हीट प्रेस आलेली आहे, आणि जेथे जेथे आम्ही ती पाहिली तेथे ती लहानच, म्हणजे १५ इंच लांब व १५ इंच रुंद प्लेटची, अशी आहे. टी-शर्टाच्या छातीवरील बोधचिन्हाला ती पुरते. गिऱ्हाईक मात्र दारात येते ते दिंडीचा फलक, शाळेच्या संमेलनाचा पडदा, ढोलपथकाचे निशाण असे काहीतरी मोठे मागत. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, काम परत पाठवा. दुसरा म्हणतो, कर्ज काढा आणि मोठी प्रेस घ्या. आमच्या घरात हे दोन्ही पक्ष होते, आणि त्यांच्या ओढाताणीत एक अख्खा फलक वाया गेला. त्याची हकिगत सांगावी, आणि त्यातून जे थोडे कसब हाती आले ते आपणांपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच आम्ही येथे उभ्या आहोत.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. खाली एक सपाट बैठक आणि तिच्यावर रबराची गादी. वर विजेने तापणारी जाड प्लेट. आणि दोहोंना मागच्या बाजूस जोडणारा बिजागरीचा खांब. दांडा खाली ओढला की वरची प्लेट बैठकीवर घट्ट दाबून बसते. उष्णता किती अंश आणि किती सेकंद, हे बटणांनी ठरविता येते. जे चित्र उठवावयाचे ते रंगीत व्हिनाइलच्या पातळ पापुद्र्यातून अगोदर कापून घेतात. या पापुद्र्याच्या एका अंगास उष्णतेने वितळणारा गोंद असतो आणि दुसऱ्या अंगास चित्राचे सुटे सुटे भाग जागच्या जागी धरून ठेवणारी पारदर्शक आधारपट्टी असते. चित्र आरशात दिसावे तसे उलटे कापावे लागते. (हे विसरल्यामुळे एका वाढदिवसाचे पाच शर्ट आमच्या घरी अजून पायपुसणी म्हणून वापरात आहेत.) सुती कापडावर सामान्यतः १५० ते १६० अंश सेल्सिअस उष्णतेत १० ते १५ सेकंदांत गोंद धाग्यांमध्ये शिरतो, मग आधारपट्टी सोलून काढावयाची. घरच्या इस्त्रीने हे भागत नाही काय, असे पुष्कळ भगिनी विचारतात. चार इंचांच्या कमळाला भागते. परंतु इस्त्रीच्या तळाला वाफेची भोके असतात, ती सर्वत्र सारखी तापत नाही, आणि हाताचा दाब कोठे जड, कोठे हलका पडतो. तीन फुटांच्या मूर्तीचे काम तिच्या आवाक्यातले नव्हे.

आमची प्रेस २०२२ साली धाकटीच्या भिशीच्या पैशांतून आली. यंत्र सुमारे दीड किलोवॅट वीज ओढते, तेव्हा ते दिव्या-पंख्याच्या लहान प्लगला न लावता १६ अँपिअरच्या स्वतंत्र प्लगलाच लावावे. आमच्या स्वयंपाकघरात तो एकच होता. म्हणून प्रेस मिक्सरशेजारी बसली आणि आजही तेथेच आहे.

पुढील वर्षीच्या, म्हणजे २०२३ सालच्या, ज्येष्ठात आमच्या पुणे जिल्ह्यातील तालुक्याच्या गावाजवळील एका दिंडीचे वृद्ध विणेकरी आमच्याकडे आले. त्यांना तीन फूट रुंद आणि पाच फूट उंच असा भगवा फलक पाहिजे होता. वर 'श्री विठ्ठल प्रसन्न', मध्ये विटेवर उभे असलेले विठोबाचे पांढरे रेखाचित्र, खाली दिंडीचे आणि गावाचे नाव. आळंदीहून ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस निघते, हे आपणांस ठाऊकच आहे. अष्टमीला बारा दिवस उरले होते. एवढे मोठे काम प्रथमच दारी आले होते, आणि तेही पांडुरंगाचे. आम्ही हो म्हटले. त्यांनी अर्धी रक्कम तेथल्या तेथे मोजून दिली. वर्गणीचे पैसे असल्यामुळे त्यांत दहा-दहाच्या नोटाच अधिक होत्या. त्या नोटांची आठवण पुढील आठ दिवस आम्हांला झोप लागू देईना.

चुका आमच्याच, आणि त्या एकाच कापडावर तीन झाल्या. पहिली चूक कापड निवडण्याची. चकाकी चांगली दिसते म्हणून आम्ही पॉलिएस्टरचे भगवे सॅटिन घेतले. दुसरी चूक अशी की, मोठे चित्र लहान प्लेटखाली मावत नाही म्हणून आम्ही ते थोडे थोडे सरकवून दाबीत गेलो. कोठवर दाबले आणि कोठे थांबलो याची काही आखणी केली नाही. जेथे जेथे प्लेटची कड टेकली तेथे तेथे सॅटिनवर चकचकीत सरळ रेघ उमटली. विठोबाच्या भोवती चौकटीच चौकटी दिसू लागल्या, जणू देव खिडकीच्या गजांआड उभा आहे. तिसरी चूक उतावळेपणाची. अर्धे चित्र दाबले की पाहण्याच्या हौसेने आम्ही आधारपट्टी सोलीत होतो. मग पुढील अर्धे दाबताना प्लेटची कड अगोदरच्या उघड्या, मऊ व्हिनाइलवर टेकली आणि बरोबर छातीवरून एक खोलगट वण उमटला.

तरीही रात्री आम्ही मनाची समजूत घातली की लांबून दिसणार नाही. सकाळी उठून पाहतो तो पांढऱ्या अक्षरांवर गाजराच्या रंगाची झाक आलेली! याचे कारण आम्हांला पुढे कळले. पॉलिएस्टरला ज्या जातीचा रंग देतात तो मोठ्या उष्णतेत वायुरूप होऊन धाग्यातून सुटतो आणि वरच्या पांढऱ्या थरात शिरतो. कित्येकदा हे काम रात्रभर चालूच राहते. सुती कापडाचे रंग धाग्याशी निराळ्या रीतीने बांधलेले असल्यामुळे असे उडून जात नाहीत. पॉलिएस्टरवर पांढरे अक्षर उठवावयाचेच असेल तर आतून रंग अडविणारा थर असलेले व्हिनाइल मिळते, आणि ते कमी उष्णतेवर दाबावे लागते. त्या दिवशी यांतले आम्हांला काहीच माहीत नव्हते. फलक हातात धरून आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो आणि चुलीवरचे दूध उतू गेले तरी कोणी हलले नाही.

येथून घरातील वाद सुरू झाला. पुरुषमंडळींचे म्हणणे असे पडले की हा दोष लहान यंत्राचा आहे. बँकेचे कर्ज काढून मोठी प्रेस आणावी, म्हणजे असा प्रसंग पुन्हा येणार नाही. त्यांच्या म्हणण्यात माया होती, हिशेब नव्हता. मोठ्या प्लेटच्या यंत्राची किंमत आमच्या प्रेसच्या कितीतरी पट, ते ठेवावयाला जागा नाही, आणि अशी मोठी कामे आमच्याकडे वर्षाकाठी येणार किती? धाकटीला वाटत होते की विणेकरीबोवांचे पैसे परत करावेत, क्षमा मागावी आणि पुन्हा बोधचिन्हांवरच समाधान मानावे. थोरली दोन्ही बाजूंना नाही म्हणत होती. पण तिच्यापाशीही तिसरा मार्ग नव्हता.

सासूबाई कोपऱ्यात शेंगा सोलीत सर्व ऐकत होत्या. त्यांच्या माहेरी त्यांच्या लहानपणापर्यंत हातछपाई चालत असे. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, ठसा वीतभर असायचा आणि पातळ नऊ वार. आमच्या आबांनी कधी नऊ वारी ठसा मागवला नाही."

आम्ही त्यांच्याजवळ बसलो आणि ते काम कसे चालत असे हे खोदून खोदून विचारले. आपल्या समाजाच्या घरांतून ही माहिती आता फक्त वडीलधाऱ्यांच्या तोंडी उरली आहे, म्हणून येथे जरा विस्ताराने सांगतो. लांब मेजावर गोणपाटाचे थर अंथरून त्यांवर जुने सुती कापड ताणून बसवीत. त्यामुळे बैठक मऊ होई आणि ठशाची कड कापडात रुतत नसे. ठसा सागवानी. त्याच्या कोपऱ्यांवर बारीक टिंबे कोरलेली असत. पहिला छाप उमटला की दुसरा ठसा ठेवताना त्याचे टिंब पहिल्या छापाच्या टिंबावर बसवावयाचे. त्यामुळे रेघ मोजण्याचे कारण पडत नसे. गुजरातेतील पेथापूर हे गाव अशा ठशांच्या कोरणीसाठी नावाजलेले आहे. सासूबाईंच्या माहेरचे ठसे कोठून येत असत हे त्यांना आठवत नाही. परंतु एक गोष्ट त्यांना पक्की आठवत होती. वेलाच्या ठशात जोड येई तो वेल वळतो तेथे, किंवा पान संपते तेथे. फुलाच्या मधोमध कधी येत नसे. जोड कोठे पडावयाचा हे छापणाराच्या हाती नव्हतेच; ठसा कोरणाराने ते लाकडाला हत्यार लावण्यापूर्वीच ठरविलेले असे.

आमच्या फलकावर नेमके हेच राहिले होते. आम्ही अख्खे चित्र काढले, अख्खे कापले, आणि जोड कोठे येईल ते प्लेटच्या नशिबावर सोडले. हातछपाईत कापड स्थिर आणि ठसा फिरता असतो. आमच्याकडे यंत्र स्थिर आणि कापड फिरते. एवढा भेद सोडला तर काम तेच आहे. त्याच दुपारी आम्ही कागद, पट्टी आणि शिसपेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम आम्ही आमच्या प्लेटचे खरे माप घेतले. नावाची १५ इंची प्लेट कामाला १५ इंच कधीच पडत नाही. कडेला आणि कोपऱ्यांत ती बहुधा थोडी थंड असते. जुन्या चादरीच्या तुकड्यावर प्लेटच्या चारी कोपऱ्यांत आणि मध्ये व्हिनाइलच्या चिंध्या दाबून, गार झाल्यावर नखाने उचलून पाहिल्या. मधली निघेना, एका कोपऱ्यातील सहज निघाली. प्रत्येकीने आपल्या यंत्राची ही परीक्षा घ्यावी. विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा ती खरी. मग १३ इंचांचा एक चौकोनी सिलिकॉन स्पंजचा तुकडा आणला. तो कापडाखाली, बैठकीच्या बरोबर मध्यभागी ठेवला की चित्राचा भाग वर उचलला जातो आणि प्लेटची कड कापडाला टेकतच नाही. चौकटीची रेघ नाहीशी झाली ती एवढ्याने. सासूबाईंच्या माहेरचे गोणपाट ते हेच. मात्र प्लेट तेव्हापासून १३ इंचांचीच समजावयाची, आणि लोभाने त्याबाहेर जावयाचे नाही.

कापड यावेळी सुती मांजरपाट, पक्क्या भगव्या रंगाचा. नव्या मांजरपाटाला खळ असते. ती गोंदाला धाग्यापर्यंत पोहोचू देत नाही. शिवाय हे कापड पहिल्या धुण्यात आटते. म्हणून कापड आणल्याबरोबर ते धुऊन, वाळवून, इस्त्री करून घेतले. तेवढ्यावरही भागत नाही. सुती धागा हवेतील ओल नेहमी धरून ठेवतो, आणि ज्येष्ठात तर अधिकच. यासाठी प्रत्येक भाग चिकटविण्यापूर्वी नुसतेच कापड पाच सेकंद दाबून वाफ उडवून द्यावी. मोठ्या कामात ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची आहे. कारण ओले कापड पहिल्या दाबाखाली किंचित आकसते, आणि शेजारचा भाग मग जुळत नाही.

आता चित्राची वाटणी. विठोबाची मूर्ती ३३ इंच उंच आणि, हात कमरेवर असल्यामुळे, कोपरापासून कोपरापर्यंत १८ इंच रुंद. आमचा कटर १२ इंच रुंदीचे व्हिनाइल घेतो. लांबीला त्याची अडचण नाही. म्हणून मूर्तीचे ११-११ इंचांचे तीन भाग केले. परंतु पट्टीने मापून सरळ रेघेत कापले नाहीत. मुकुट आणि मुख हा पहिला भाग जेथे संपतो तेथे तुळशीच्या हाराची वरची कड येईल, आणि दुसरा जेथे संपतो तेथे कमरेच्या शेल्याची रेघ येईल, असे चित्रच थोडे बदलून घेतले. या दोन्ही ठिकाणी भागावर भाग चढविला नाही. उलट दोन दोरे जाडीची फट ठेवली. फटीतून भगवे कापड दिसते, आणि पाहणाराला तो हाराचा आणि शेल्याचा काठच वाटतो. व्हिनाइलवर व्हिनाइल चढविले तर जोड जाड होऊन उन्हात चमकतो. फट ठेवली तर जोड चित्रात मिसळून जातो. जेथे चित्रात स्वाभाविक रेघ आहे तेथे फट, आणि जेथे ती नाही तेथेच दोन मिलिमीटरचा चढ, असा आम्ही आमच्यापुरता नियम केला आहे.

चढ कोठे द्यावा लागला ते सांगतो, कारण हा प्रश्न खास आपल्या लिपीचा आहे. इंग्रजी अक्षरे सुटी सुटी असतात. त्यांतले एखादे केसभर वर-खाली बसले तरी डोळा क्षमा करतो. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली. शब्दाशब्दांत ती तुटते, म्हणून 'श्री विठ्ठल प्रसन्न' हे तीन शब्द तीन तुकड्यांत निमूटपणे बसले. पण गावाचे नाव सहा अक्षरी आणि २४ इंच लांब. अखंड पट्टी दोन दाबांत बसवून पाहिली, चिंधीवर हो. दुसऱ्या टोकाला ती पाव इंच खाली उतरली. शेवटी तिसऱ्या आणि चौथ्या अक्षरांच्या मध्ये, जेथे केवळ शिरोरेषाच आहे तेथे, शब्द तोडला. पहिला तुकडा दाबून त्याच्या शिरोरेषेला लोखंडी पट्टी लावली, दुसऱ्याची शिरोरेषा त्याच पट्टीला भिडविली आणि दोन मिलिमीटर चढविली. जोडाक्षराच्या पोटात किंवा वेलांटीखाली कधी तोडू नये. तेथे चूक झाकायला जागाच नसते.

एवढे मोठे कापड यंत्रात घालणे हीही एक कसरतच. कापड नेहमी लांबीने डावी-उजवीकडे पसरावे. दोन्ही बाजू मोकळ्या असल्यामुळे त्या दिशेने ते पाच फूट काय, पंधरा फूट असले तरी चालते. अडचण मागच्या खांबाची. आमच्या फलकाची रुंदी ३६ इंच. मध्यभाग प्लेटखाली आणला की मागे दहा-अकरा इंच कापड खांबापाशी गोळा होते. ते सैल दुमडून ठेवावे, आणि दांडा ओढण्यापूर्वी आत हात फिरवून घडी प्लेटखाली आली नाही ना ते पाहावे. पलीकडची कड दाबावयाची असेल तर कापड पुढे ओढण्याची धडपड न करता ते सरळ उलट दिशेला फिरवून घ्यावे. आणखी एक. लोंबत्या कापडाचे वजन चित्राला ओढते. आम्ही देवघरातील दोन चौरंग विटांवर ठेवून बैठकीच्या उंचीला आणले आणि ते दोन्ही बाजूंना मांडले. सासूबाईंनी देवांची तात्पुरती सोय फळीवर केली.

मूर्तीचा आरंभ आम्ही कमरेच्या भागापासून केला. एका टोकापासून निघाले तर दर जोडाला होणारी केसभर चूक शेवटच्या टोकाला बोटभर होते. मधून निघाले तर ती दोन्हीकडे वाटली जाते. कापडाची उभी आणि आडवी घडी घालून मध्याची खूण इस्त्रीने पाडली. तिच्याशी हार आणि नाभी जुळविली. हा भाग १८ इंच रुंद, म्हणून तो कापलेला अखंड असूनही दाबावा लागला दोनदा. एकदा डावे कोपर आणि छाती, एकदा छाती आणि उजवे कोपर. मधली पट्टी दोनदा तापली. साध्या व्हिनाइलला त्याने इजा होत नाही. मात्र दुसरा दाब पूर्ण होईपर्यंत आधारपट्टीला हात लावावयाचा नाही, अशी धाकटीने थोरलीला तंबी दिली होती, कारण मागच्या वेळी सोलण्याची घाई थोरलीचीच होती. पट्टी निघाल्यावर उघड्या भागावर टेफ्लॉनची शीट घातली आणि मगच शेजारचा भाग दाबला. वर मुकुट, खाली पितांबर आणि वीट. शेवटी सर्व भागांवरून टेफ्लॉन घालून पाच-पाच सेकंद पुन्हा फिरवून घेतले. सगळे मिळून अठरा वेळा दांडा ओढला. मोठ्या प्रेसवर जे एका दाबात झाले असते त्याला आम्हांला अडीच तास लागले, हे कबूल केले पाहिजे.

षष्ठीला विणेकरीबोवा आले. आम्ही दोन्ही फलक त्यांच्यापुढे मांडले. वाया गेलेलाही लपविला नाही. डाव्या कोपराजवळ नव्या फलकावरही एक लहानशी सुरकुती राहिली होती, ती आम्ही बोटाने दाखविली. त्यांनी चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाले, "माउली, एवढ्या जवळून त्याला कोण बघतंय? सगळे पायाशीच बघतात." उरलेली अर्धी रक्कम त्यांनी पूर्ण दिली. पहिल्या कापडाचा आणि व्हिनाइलचा खर्च वजा जाता त्या कामात आम्हांला जवळजवळ काहीच उरले नाही. फलक न दुमडता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून न्या, चोवीस तास पाण्यापासून जपा, आणि पुढे कधी धुतलात तर उलटा करून धुवा, एवढे सांगून तो त्यांच्या हवाली केला. वारीत पाऊस लागला की व्हिनाइलची कड सुटेल, या धास्तीने आषाढी एकादशीपर्यंत आम्ही रोज आभाळाकडे पाहत होतो. परत आल्यावर बोवांनी तो मुद्दाम दाखवायला आणला. कड कोठेही उचलली नव्हती. मात्र काठीला बांधलेल्या बाजूने कापडच फाटले होते. तेथे दुहेरी पट्टी शिवावयास पाहिजे होती. शिंप्याचे काम आम्ही हलके समजलो, दुसरे काय!

आता ज्या कामाला लहान प्रेस चालत नाही, ते स्पष्ट सांगितले पाहिजे. नाही तर आमचे बोलणे ऐकून कोणीतरी फसावयाचे. ते काम म्हणजे सब्लिमेशन. १९५७ साली फ्रान्समधील नोएल द प्लास यांनी या पद्धतीचा पाया घातला. कागदावर छापलेला रंग सुमारे २०० अंश उष्णतेत घनरूपातून एकदम वायुरूप होतो आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरून बसतो. आमच्या सॅटिनने आम्हांला दगा दिला तो याच गुणामुळे. तोच गुण येथे कामी आणलेला आहे. यात रंग कापडावर बसत नसून कापडात मुरत असल्यामुळे जोडाला दयामाया नाही. दोन कागद एकमेकांवर आले तर तेथे गडद पट्टा, अंतर राहिले तर पांढरी रेघ, आणि दुसऱ्या दाबाच्या वेळी कागद तसूभर हलला तर चित्राची सावली. निळे आकाश, डोंगर, छायाचित्र असे सलग रंगाचे चित्र लहान प्रेसवर तुकड्यांनी करू नये. आम्ही दोनदा करून पाहिले आहे. अशी कामे आम्ही मोठ्या रोलरच्या यंत्राकडे पाठवितो, आणि गिऱ्हाइकाला ते कोठे पाठविले हेही सांगतो. एक पळवाट मात्र आहे. चित्रच जर गोधडीसारखे सुट्या चौकोनांचे असेल, तर चौकोन आधी छापून मग शिवावेत. जोड शिवणीत जातो. गेल्या वर्षी शाळेच्या पडद्याचे काम आम्ही असेच केले. बारा चौकोन, बारा मुलांची चित्रे. शिलाई आमच्या शेजारच्या शिंपीणबाईंची. या वेळी कापडाला दुहेरी पट्टी होती.

कर्जाचे काय झाले, असे आमचे भाऊजी तिकडून खुणेने विचारीत आहेत. कर्ज काढलेले नाही. आमच्या वहीत गेल्या दोन वर्षांची मोठी कामे लिहिलेली आहेत. ती चौदा भरतात. त्यांपैकी नऊ घरच्या प्रेसवर झाली, चार बाहेर पाठविली, आणि एक आम्ही बिघडविले. यांतली चाळीस-पन्नास कामे वर्षाला येऊ लागली तर आम्ही स्वतःच बँकेची पायरी चढू. आज चढण्याचे कारण दिसत नाही.

आमचा वेळ संपला. बाहेर ओसरीवर प्रेस आणून ठेवली आहे, आणि व्यवस्थापकांनी कृपा करून १६ अँपिअरचा प्लगही दिला आहे. चहापानानंतर मंडळाच्या नावाचा साडेचार फुटी सुती पडदा आपणां सर्वांसमोर दाबावयाचा आहे. नाव मोठे आहे, शिरोरेषा लांब आहे, आणि ती कोठे तोडावयाची याविषयी आम्हां दोघींचे अजून एकमत झालेले नाही. तेव्हा ज्यांना मत द्यावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. रेशमी पदर खोचून यावे, लहान मुलांना प्लेटपासून दूर धरावे, आणि ज्यांच्या घरी जुने ठसे माळ्यावर पडून असतील त्यांनी पुढल्या संमेलनाला एखादा बरोबर आणावा, अशी सासूबाईंची विनंती आहे.